साडीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मी हिंदी मुलखातच राहिलो आणि चौबे कॉलोनीतल्या एका फ्रेंचच्या क्लासला नाव घातलं. सर चार महिने पॅरिसला राहून आले होते आणि हे कुणाला विसरू देत नव्हते. भर मे महिन्यात गळ्यात रेशमी रुमाल बांधून यायचे. घामाने तो मानेला चिकटलेला असायचा, तरी याला ‘फुलार’ म्हणतात, हे त्यांनी आम्हाला तीनदा ऐकवलं.

वर्गात गोल बाजारात ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई होत्या, मूळच्या नागपूरकडच्या. मुलगी फ्रान्सला शिकत होती. तिच्या घरमालकिणीशी चार शब्द बोलता यावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

कपड्यांच्या धड्याला सरांनी स्वतःच्या शर्टाकडे बोट दाखवलं. “शमीज!”

बाई खुदकन हसल्या. “सर, शमीज तं आमच्याकडे पोट्टीले फ्रॉकच्या आतून घालतात.”

सगळा वर्ग हसला. सरांनी भुवया चढवल्या. “ये गोल बाज़ार नहीं है, दीदी.”

मग प्रत्येकाने आपल्या अंगावरचे कपडे सांगायचे होते. बाईंची पाळी आली. “साडीले काय म्हणू?”

“साड़ी उधर होती ही नहीं. रोब बोलिए.”

“रोब म्हणजे झगा ना? हे तं बिनशिलाईचं कापड हाय.”

“जो बोला, वो लिखिए.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी मात्र मुकाट्याने लिहिलं : साडी, रोब. साहेबांचं चुकीचं इंग्रजी आयुष्यभर जसंच्या तसं टाइप केलेला हात तो.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक फ्रेंच बाई आल्या; सर शेजारीच बसले होते. आमच्या बाई त्यांना धीटपणे म्हणाल्या, “झ पोर्त अं सारी.” मी साडी नेसले आहे. परीक्षक बाई खूश झाल्या. सारी हा शब्द त्यांच्या भाषेत केव्हाचाच होता. बाईंनी मुलीला फोनवर विचारून ठेवलं होतं.

पुढच्या बॅचला सर सांगत होते, “साड़ी को सारी ही कहते हैं. लोगों को पता नहीं होता.” मी उजळणीसाठी समोरच बसलो होतो. वहीतलं ‘रोब’ खोडून ‘सारी’ लिहिलं.

नंतर दुकानात जाऊन मी बाईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी कात्री थांबवली नाही.

“जाऊ द्या ना भाऊ,” त्या म्हणाल्या. “एक शब्द तरी शिकले ते.”