अबोली रंगाची काडी

वत्सला गेल्याचं मला एका सकाळी कळलं. धामणगाव बढ्याहून आलेल्या ओळखीच्या माणसाने दारातूनच सांगितलं आणि तो पायरीवर बसून राहिला. दहा वाजत आले होते. ओट्यावरचे चिनीगुलाब एकेक करून उमलत होते... मला त्यांचा रागच आला. आज तरी मिटून राहायचं! पण ती फुलं कोणासाठी थांबतात? कचेरीच्या वेळेला उमलायचं, दुपार कलली की मिटायचं. म्हणूनच आम्ही त्यांना 'ऑफिस टाइम' म्हणत असू.

महाराष्ट्र नवा नवा झाला, त्या सुमारास बुलढाण्यात आमची बिऱ्हाडं शेजारी होती. दोघींचेही नवरे कचेरीत. वत्सला देऊळगाव राजाची. लग्न होऊन आली ती ओल्या फडक्यात चिनीगुलाबाच्या काड्या गुंडाळूनच. "लोकाइच्या सुना भांडे आनतात, आमची काड्या घेऊन आली," असं तिची सासू सगळ्या आळीला सांगे, आणि कोणी पाहत नसलं की स्वतःच त्या फुलांपुढे बसून राही. धुक्याच्या सकाळी मी चहा घेऊन ओट्यावर जाई, तेव्हा वत्सला कुंड्यांपुढे उकिडवी बसलेली असे. कुंड्या म्हणजे तरी काय, फुटके रांजण आणि तेलाचे डबे. तळाशी विटांचा चुरा, वर वाळू मिसळलेली माती. पाणी अगदी बेतानं. ही मांसल पानांची झाडं. लाड केले की कुजतात, असं ती म्हणे. कोणता रंग कोणाशेजारी लावायचा, यात तिची अख्खी सकाळ जाई. राणीजवळ पिवळा, पिवळ्याजवळ पांढरा. लाल मात्र लांब, एकटा. मी हसायची, म्हणायची, बाई, एवढं तर कोणी सोयरीक जुळवतानाही पाहत नाही!

फूल नसलं की सगळ्या काड्या सारख्याच दिसतात. म्हणून फूल असतानाच ती देठाला त्या रंगाचा दोरा बांधून ठेवी. दोरे जुन्या पातळांच्या काठातून उसवलेले. तिच्याकडचा अबोली रंग तिच्या आईच्या हातचा होता. आई वारली, भावाने घर विकलं, अंगणात दुसऱ्याची चूल पेटली. माहेर म्हणून उरला तो तेवढा डबा. बाकीच्या काड्या ती वाटेल त्याला देई, अबोली मात्र नाही. मी एकदा मागितली, तर मान खाली घालून म्हणाली, "तो नोको मागू कुसुम. तो माह्या मायचा हाय."

आणि एका दुपारी कोणाची तरी बकरी ओट्यावर चढली. अबोलीचा डबा पार साफ! वत्सला रडली नाही. दोन दिवस नुसती भिंतीकडे तोंड करून पडून होती. मला वाटलं, हिची आई आत्ता वारली... पुढे महिनाभराने सासूला न्हाणीमागच्या केरात एक काडी रुजलेली दिसली. वत्सलानेच कधीतरी खुडून टाकलेली. तिला दोरा नव्हता. रंग कोणता, देव जाणे. कळी धरली तशा आम्ही तिघी रोज दहाला न्हाणीमागे जाऊन उभ्या राहायचो. शेवटी उमललं, ते अबोलीच निघालं. सासूने पदर तोंडाला लावला. वत्सलाने तिथल्या तिथे ती काडी मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. त्यानंतर अबोली मागणाऱ्या कोणालाही तिने नाही म्हटलं नाही.

मग वत्सलाच्या नवऱ्याची बदली धामणगावला झाली. भेटी कमी होत गेल्या...

परवा तिची लेक मंगल सासरी परत जाताना माझ्याकडे उतरली. आईचे सगळे डबे गेले, म्हणाली. आजारपणात, मग तेराव्यापर्यंतच्या दिवसांमध्ये, घरात माणसांची रीघ होती. जो येई तो वत्सलाची आठवण म्हणून डब्यात तांब्याभर पाणी ओती. मायेनेच कुजवली सगळ्यांनी ती झाडं. "मावशी, मायचा रंग तुमच्याकडं हाय ना?"

हाय, म्हटलं. पण ओट्यावर जाऊन पाहते तो काय. वत्सलासारखे मी बांधलेले सगळे दोरे उन्हाने विटून पांढरे पडले होते. वर्षानुवर्षं बघते आहे, पण मला मेलीला कळ्यांवरून काही ओळखू येईना. मंगलची गाडी साडेदहाची. आम्ही दोघी उकिडव्या बसलो. आधी पिवळं उमललं, मग राणी, मग पांढरं... मंगल सारखी रस्त्याकडे बघत होती. मी देवाचं नाव घेतलं नाही, वत्सलाचंच घेतलं. कोपऱ्यातल्या रांजणात एक कळी सैल झाली, आणि आत अबोली दिसली.

मंगलने काडी खुडली, ओल्या फडक्यात गुंडाळली. मग अंगावरच्या पातळाचा काठ चाचपून तिने एक अबोली दोरा ओढला आणि माझ्या रांजणातल्या देठाला बांधला. पातळ वत्सलाचं होतं, ते मला तेव्हा ओळखू आलं. गाडी गेली. ओट्यावर तो दोरा आहे, अजून विटलेला नाही.