हिरोसाठी जागा बघताना

माझ्या नावावर साहसकथांच्या दोन मालिका आहेत, आणि त्या लिहिताना झालेल्या फजितीचे किस्से तीसेक तरी असतील. मालिकेबद्दल बोलायला लागलो की लोक घड्याळ बघतात. फजिती सांगायला लागलो की खुर्ची पुढं ओढतात! मीही आता लाज सोडलीय.

मी सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात गणित शिकवायचो. फावल्या वेळात मोबाइलवर ऐकायच्या साहसकथा लिहायचो. पहिली मालिका बरी चालली आणि डोक्यात हवा गेली. नोकरी सोडली! बायको, म्हणजे मंगल, तेव्हा एवढंच म्हणाली, "माझ्या भावाच्या क्लासला गणिताचा माणूस पाहिजेच आहे. तो ठेवेल तुमच्यासाठी जागा."

मेव्हण्यानं ती जागा खरंच राखून ठेवलीय. दिवाळीला भेटला की हसत विचारतो, "काय दाजी, कधीपासून येताय?"

* * *

दुसऱ्या मालिकेत मी हिरोला थेट लिस्बनला पाठवला. मी स्वतः तोवर बेळगावच्या पुढं गेलो नव्हतो. पण फोनवर नकाशा होता. त्यात एक लांबलचक, सरळ गल्ली सापडली. म्हटलं, हीच! त्या गल्लीत मी हिरोची गाडी ताशी एकशे वीसनं पळवली, मागं तीन गाड्या लावल्या, वर हेलिकॉप्टर.

भाग आला आणि दुसऱ्या दिवशी मेसेज आला. मूळची सांगलीची मुलगी, तिकडं नोकरीला. तिनं लिहिलं होतं, "सर, त्या गल्लीतून मी रोज भाजी घेऊन वर चढते. तिथं रस्ता नाही. शंभरावर पायऱ्या आहेत."

मंगलनं तो मेसेज दोनदा वाचला. म्हणाली, "शॉकअप चांगले असतील गाडीचे!"

* * *

तो मेसेज मालिका काढणाऱ्या कंपनीतही पोचला. पुण्याहून नीता मॅडमचा फोन आला. त्या आमच्या मालिकांच्या संपादक. बोलायला गोड, पण बाई सरळ.

"सर, तुमचा हिरो कुठंच घाबरत नाही, कारण तुम्हालाच ती जागा माहीत नसते. आता तुमच्या भागातलं लिहा. मला नव्या मालिकेच्या शेवटच्या प्रसंगासाठी एक जागा द्या. हिरो तिथं जखमी पडलाय आणि ऐकणाऱ्याला आतून वाटलं पाहिजे, की इथं आता कुणी येणार नाही. बाकी तुम्हाला जमतं. ही एक जागा जमली तर तिसरी मालिका तुमची. नाही तर आपण थांबू."

थांबू म्हणजे मेव्हण्याचा क्लास! मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

मग मी आमच्या गल्लीतल्या सुभेदारांना धरलं. कराडकडचा माणूस, फौजेतून रिटायर, माझ्या मालिकांचे पहिले श्रोते आणि सगळ्यात वाईट टीकाकार. त्यांनी एकच अट घातली. "हिरो जे करनार, ते आदी तुमी करायचं. मग लिवायचं. हाय का कबूल?"

मी हो म्हणालो. माझं वय पन्नास, वजन ब्याऐंशी.

* * *

सुरुवात घरापासूनच केली. विश्रामबागेत घरांना घरं लागून. हिरो या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या टाकत पळतो आणि शेवटी एका उंच गच्चीवर एकटा अडकतो, असा बेत होता.

सुभेदार खाली रस्त्यावर घड्याळ लावून उभे. मी निघालो. उडी कसली, मधे गुडघाभर कठडा! एक पाय टाकला की पलीकडं. तिसऱ्या गच्चीवर शेजारच्या वहिनी कुरडया वाळत घालत होत्या. मी धापा टाकत समोर उभा. त्या घाबरतील, ओरडतील, असं मला वाटलं.

"बरं झालं आलात, भावजी," वहिनी म्हणाल्या. "टाकी धुवायचीच होती. यांना कमरेचा त्रास, तुम्ही उतरता का आत?"

माझ्या हिरोच्या हातात पिस्तूल होतं. माझ्या हातात खराटा. सुभेदार खालून ओरडले, "सर, टाईम लय झाला!"

* * *

मग ठरलं लोणंद. तिथलं एक रेल्वे फाटक माझ्या डोक्यात होतं. फाटक पडलंय, गाडी येतेय, मागं व्हिलन, आणि हिरो जिवावर उदार होऊन फाटकाखालून सटकतो. पलीकडं तो, अलीकडं सगळं जग!

आम्ही पॅसेंजरनं गेलो. फाटक पडेपर्यंत थांबलो. फाटक पडलं. मी छाती भरून श्वास घेतला, वहीत लिहिलं, "मृत्यूची रेषा." मान वर केली तर पन्नासेक माणसं फाटकाखालून निवांत पलीकडं चाललेली. मोटरसायकली आडव्या करून, डोक्यावर पाट्या घेऊन. एकानं तर वाकताना फोनवरचं बोलणंही थांबवलं नाही.

एक बाई मेंढरू ओढत माझ्याजवळ थांबली. "आवं, आजारी हायसा का?"

"नाही. का?"

"मग हुबं का ऱ्हायलाय?"

सुभेदारांनी माझ्या हातातून वही घेतली आणि 'मृत्यूची रेषा' यावर काट मारली.

* * *

कोयनानगरवर मात्र माझा भरवसा होता. घाटाची वळणं, धुकं, धरण, आणि वर भूकंप! आणखी काय पाहिजे? जमीन हादरते, सगळे पळून जातात, हिरो एकटा उरतो. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्यांनाही पटलं. म्हणाल्या, "हे बघून या."

आमचं नशीब असं जोरावर, की चहाच्या टपरीवर बसलो असतानाच बाकडं हललं! आधी वाटलं, सुभेदार पाय हलवतायत. मग बशी खुळखुळली. मी उठलो आणि सरळ रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो. हातात भजी तशीच. मागं वळून बघतो तर कुणीच उठलेलं नाही! टपरीवाला झारा हलवतोय, दोन म्हातारे पेपर वाचतायत, आणि सुभेदार माझा चहा पितायत.

"या, बसा पाव्हणं," टपरीवाला म्हणाला. "बारका हुता. मोठा आसला की त्या बरणीचं झाकान वाजतंय. त्ये वाजल्यावर आमी बी येतो रस्त्यावर."

पुढचा अर्धा तास मी त्या झाकणाकडं बघत काढला. सुभेदार परतीच्या एसटीत म्हणाले, "सर, हितं हिरो पडला तर लोक त्येला च्या पाजतील."

* * *

उसाचा किस्सा सांगू नको, असं मंगलनं बजावलंय. थोडक्यात सांगतो.

हिरो व्हिलनच्या माणसांपासून लपायला तोडणीला आलेल्या उसात शिरतो. सुभेदारांच्या चुलतभावाचं रान होतं. मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आत शिरलो. वीस पावलांवर सगळ्या दिशा सारख्या! पाल्यानं हात कापले, त्यावरची बारीक कूस अंगात घुसली, आणि फोनवर बघतो तर मी नकाशात मधोमध, वाट कुठंच नाही. मला आतून वाटलं, आता इथं कुणी येणार नाही. भीती वाटली आणि आनंदही झाला. म्हटलं, सापडली जागा!

तेवढ्यात समोरून पाला बाजूला झाला आणि चुलतभाऊ हजर.

"मी इथं आहे, कसं कळलं?" मी विचारलं.

"आवं सर, बांधावर खाजवल्याचा आवाज येतोय!"

* * *

आता शेवटचं सांगतो.

मॅडमनी आठवड्याची मुदत दिली आणि म्हणाल्या, "या वेळी मीच येते. जागा समोर बघते, तिथंच हो किंवा नाही सांगते." मंगलनं भावाला फोन केला होता, हे मला नंतर कळलं. मी रागावलो नाही. माझीही खात्री उरली नव्हती.

आम्ही त्यांना पूर्वेला नेलं, जतच्या पुढं. तिकडं ऊस नाही, फाटक नाही. नुसता माळ. खडक, कुसळं आणि वारा. डांबरी रस्ता सोडून गाडी आत घातली आणि एका ओघळीपाशी उतरलो. सुभेदार म्हणाले, "पडा सर." मी पडलो. दगडांवर, उताणा, हिरोसारखा. मॅडम लांब एका खडकावर बसल्या.

अर्धा तास गेला. कुणी नाही. तास गेला. ऊन चटके देत होतं, पाठीखाली खडा रुतत होता, पण मी हललो नाही. फोनला रेंज नाही. लांबपर्यंत माणूस नाही. सुभेदारांनीही घड्याळ बघायचं सोडलं. दीड तासानं मॅडम उठून आल्या. चेहरा वेगळाच होता.

"सर," त्या म्हणाल्या, "हे आहे खरं. इथं मला..."

आणि मागून घंटा वाजल्या!

एक म्हातारी येत होती. डोक्यावर पदर, हातात काठी, पुढं चार शेळ्या. ती कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होती. जवळ आली तेव्हा कळलं, शेळ्यांशीच.

मॅडमना हसू फुटलं. "आलंच की कुणीतरी, सर!"

मी उठून बसलो. पँट झटकली. गेली मालिका. मला इतका राग आला, की त्या म्हातारीवरच आला. ती मात्र आमच्याकडं टक लावून बघत होती, चेहऱ्यावर नुसता आनंद.

"काय हरवलंय व्हय, बाबा?" तिनं विचारलं.

"काही हरवलं नाही, आजी!" मी तोडून टाकल्यासारखं बोललो. "आम्हाला एक जागा पाहिजे. माणूस पडून राहिला, हाका मारून मारून दमला, तरी कुणी म्हणून येणार नाही, अशी जागा!"

म्हातारीनं जरा विचार केला. मग काठीनं ओघळीपलीकडं दाखवलं. तिथं चढाआड अर्धं झाकलेलं एक पत्र्याचं छप्पर होतं.

"मंग हितं उनात कशाला बसलाय?" ती म्हणाली. "माज्या घरी चला की!"