पेट्राला नेलेला नवरा

जॉर्डनला एकटीने जायचं ठरलं ते इथे आयर्लंडमध्ये, शॅनन गावातल्या माझ्या ऑफिसात, सुट्टीचा फॉर्म भरताना. आठ दिवस शिल्लक होते, ते मार्चअखेर संपवायचे होते, आणि कुणाला विचारून ठरवावं असं घरात कोणी नव्हतं. संध्याकाळी एनिसला घरी परतल्यावर पुण्याला आईला फोन लावला.

"अरबांच्या देशात एकटी? बरं. मग मंगळसूत्र घालून जा. लग्न झालेली बाई दिसली की कोणी वाटेला जात नाही."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. हे आम्हा घरच्यांना आणि वकिलांना माहीत. बाकी जगासाठी निखिल जर्मनीत प्रोजेक्टवर आहे. कल्पना आईची, अंमलबजावणी माझी. पुण्यात आईने जावयाला आतापर्यंत दोन बढत्या दिल्यात, आणि लग्नाकार्याला का येत नाही म्हणून मावशीने फारच खोदून विचारलं तेव्हा त्याचा खांदाही आखडवून ठेवला. इथल्या मराठी मंडळींना मी तेच सांगते, फक्त खांदा वगळून.

एनिसहून पहाटेची बस, लिमरिकला बदलून डब्लिन विमानतळ, तिथून इस्तंबूलमार्गे अम्मान. जाणार असाल तर व्हिसा आणि पेट्रा या प्राचीन नगरीचं तिकीट एकत्र मिळणारा पास आधी ऑनलाइन घ्या. किमान तीन रात्री राहायचं असेल तर तो परवडतो. पासपोर्टप्रमाणे नियम बदलतात, तेवढे तपासा.

अम्मानमध्ये दोन दिवस जुन्या बाजाराजवळ राहिले. फलाफल, हुमुस, गरम रोटी आणि चहा, दोन-तीन दिनारमध्ये पोटभर. टॅक्सीत बाईने मागेच बसायचं, हा अलिखित नियम. मादाबाला जाणाऱ्या मिनीबसमध्ये मी चढले तसे तीन पुरुष काही न बोलता उठले, आपापसांत जागा बदलल्या आणि मला एका आजींच्या शेजारची खिडकी मिळाली. एवढ्या सहज झालं की आभार कुणाचे मानायचे तेच कळेना. मला त्रास दिला तो फक्त एका गालिचेवाल्याने, आणि तो पुरुषांनाही देत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या बसने पेट्राच्या पायथ्याच्या गावात, वादी मूसाला गेले. चार तास, बहुतेक वाळवंट. मुक्काम एका घरगुती लॉजमध्ये होता. मालकीणबाईंना सगळे उम्म खालिद म्हणतात, म्हणजे खालिदची आई. इंग्रजी त्या पर्यटकांकडून शिकलेल्या, मोडकं पण बिनधास्त.

"एकटी? लग्न नाही?"

मी मंगळसूत्र पुढे केलं. त्यांनी ते बोटांत धरून निरखलं. "छान माळ आहे. अंगठी कुठे?"

आईचं सगळं चिलखत तिथेच निकामी झालं. काळे मणी ओळखणारं त्या गावात कोणी नव्हतं, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी घाईने म्हणाले, "नवरा अम्मानला आहे. पोट बिघडलंय."

झालं. दुसऱ्या दिवशी सहाला निघाले, सोबत पाणी आणि टोपी. (तुम्हीही सहालाच निघा, दहानंतर गर्दी आणि ऊन दोन्ही वाढतं.) उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या वाटेने किलोमीटरभर चालल्यावर समोर एकदम तो गुलाबी दगडात कोरलेला दर्शनी भाग येतो. फोटोत हजारदा पाहिलाय, तरी मी दहा मिनिटं बसून राहिले. वरच्या मठापर्यंत आठशेच्या वर पायऱ्या आहेत. गाढववाल्यांना नम्रपणे नाही म्हणा आणि स्वतःच्या पायांनी चढा.

परत आले तर उम्म खालिदांनी सेज नावाच्या वाळलेल्या औषधी पाल्याची पुडी बांधून ठेवलेली. पोटाला उत्तम, उकळून द्यायची. "ताप आहे का? जुलाब?" मी निखिलला थोडा ताप दिला. आपण कुणाची लेक आहोत हे त्या क्षणी कळलं.

पुढच्या सकाळी त्या खुशीत होत्या. "माझा भाऊ आज अम्मानला आहे. गाडी रिकामी येतेय. तुझ्या नवऱ्याला घेऊन येईल, पैसे नाही घेणार. हॉटेलचं नाव सांग."

फोन त्यांच्या कानाला होता, भाऊ पलीकडे थांबलेला. मला भयंकर लाज वाटली. एक अनोळखी माणूस माझ्या खोट्यासाठी अम्मानच्या गल्ल्या फिरणार होता.

"नवरा नाही," मी म्हणाले. "घटस्फोट झाला. दोन वर्षं झाली."

हे वाक्य मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं होतं. उम्म खालिदांनी भावाला दोन शब्दांत निरोप दिला, फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पुन्हा सांगशील तर पोट सांगू नको. पोटाचं औषध इथे घरोघरी असतं. त्यापेक्षा खरं सांग. लोक तीनदा विचारतात, चौथ्यांदा जेवायला वाढतात."

दुपारी त्यांनी मकलूबा केला. भात, वांगी, कोंबडी एका पातेल्यात शिजवून ते थाळ्यात उपडं करतात. मला दोनदा वाढलं. निखिलचं नाव पुन्हा निघालं नाही.

आठ दिवसांचा खर्च विमानासकट आयर्लंडमधल्या महिन्याच्या भाड्याहून कमीच झाला. एकट्या बाईने जावं का, असं विचाराल तर जा. प्रश्न मात्र फार विचारतात, तयारी त्याची ठेवा.

परतल्यावर रविवारी आईला सगळं सांगितलं.

"त्या परक्या बाईला सांगितलंस?"

"हो."

"परक्यांचं ठीक असतं गं. मावशीला मी काय सांगू?"

"खरं."

तिने फोन ठेवला. दोन दिवस तिचा फोन नाही, माझेही उचलले नाहीत. मला वाटलं, चुकलंच आपलं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिचाच आला. तिकडे संध्याकाळ होत आली होती.

"मावशीकडे जाऊन आले. सांगितलं."

"मग?"

"रडली थोडी. मग पोहे केले. घरी येऊन पडले, तर दीड तास झोप लागली बघ. दोन वर्षं झाली, दुपारचा डोळा म्हणून लागला नव्हता माझा."