वेल्डरच्या घरचे डोळे

टीबीला त्या काळी मोठा मान होता. विचारपूस करायला आलेली माणसं उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि खोकला कसा आहे, ताप येतो का, इंजेक्शनं अजून किती दिवस, एवढंच विचारून चपला घालायची. माझ्या पापण्यांची चौकशी कोणी केली नाही. मला मात्र खोकल्यापेक्षा पापण्यांनीच जास्त छळलं. सकाळी जाग यायची, पण डोळे उघडायचे नाहीत. पापण्यांच्या कडांना पू येऊन तो रात्रीतून वाळलेला असायचा आणि वरचे केस खालच्या केसांना चिकटलेले असायचे. ओल्या बोटाने ते सोडवत बसायचं. दोन-चार केस बोटालाच लागून यायचे. मग दिवसभर कडा लाल आणि खाज. एक रांजणवाडी बसते न बसते तोच दुसरी डोकं वर काढायची. छातीच्या डॉक्टरांना डोळ्यांचं काय सांगायचं, असं वाटून मी दवाखान्यात गप्प राहायची.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. माझे यजमान भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. खोदकामाला म्हणून आले आणि इथेच वेल्डिंग शिकले. आम्हाला कारखान्याच्या वसाहतीत, एका सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं तोवर मला हा आजार निघाला. मला माहेरी पाठवून द्या, असं त्यांना त्यांच्या घरच्यांनी सांगून पाहिलं, माझ्या घरच्यांनीही सांगून पाहिलं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला पाठवलं नाही. माझी खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी आली, त्यांची सतरंजी मागच्या खोलीत गेली. माझं ताट, पेला, चादर, सगळं वेगळं झालं. कामावरून आले की स्वयंपाक करायचे, ताट स्टुलावर ठेवायचे आणि दोन पावलं मागे सरकायचे. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. पण मी बाविशीची होते, आणि मला कोणी हात लावत नव्हतं. इंजेक्शन देणारी नर्स काय ती लावायची, तीही दंड धरण्यापुरती.

आमच्या ओळीत निम्मे पुरुष वेल्डर. दिवसा ज्याने काळी काच नीट धरली नाही, त्याच्या डोळ्यांत संध्याकाळी वाळू गेल्यासारखं खुपायला लागायचं, घळाघळा पाणी यायचं. त्याला सगळे ‘वेल्डिंग लागलं’ म्हणायचे. त्यावर ओळीभर एकच इलाज होता. कच्चा बटाटा किसायचा, फडक्यात घालायचा आणि डोळ्यांवर ठेवून पडून राहायचं. कोणाच्या घरातून अवेळी किसणीचा आवाज आला की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, “आज तुमच्याकडे लागलं का वो?”

तर एका संध्याकाळी आमच्याही घरी किसणी वाजायला लागली. मला वाटलं, यांनाच लागलं. पण ते फडकं घेऊन माझ्याच खाटेपाशी आले.

“डोळे मीट,” म्हणाले.

“मी कुठं वेल्डिंग केलं?”

“डोळा तं डोळाच असते. ठंडक पडन.”

माझा स्वभाव तसा वाद घालण्याचा. एरवी मी हे असं सोडलं नसतं. पण ते खाटेच्या डोक्याकडे, माझ्या श्वासाच्या मागच्या बाजूला स्टूल घेऊन बसले, नाकाला गमछा बांधला, फडकं माझ्या डोळ्यांवर ठेवलं आणि ते घसरू नये म्हणून वर आपला तळहात टेकवला. जड, खरखरीत हात. त्याला लोखंडाचा वास येत होता. बटाट्याचं पाणी माझ्या कानात जात होतं, आणि मी एक शब्द बोलले नाही. बोलले तर हात काढून घेतील, ही भीती होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बटाटा. दिवसभर मी त्या अर्ध्या तासाकडे डोळे लावून बसायची, असे डोळे असताना. ते फार बोलायचे नाहीत. कधी मधेच सांगायचे, आज उंचावर काम होतं, आज रशियन साहेब जोड पाहून मान हलवून गेला, चांगली की वाईट ते कळलं नाही. मी हसायची, मग मला खोकला यायचा, आणि खोकला थांबेपर्यंत हात तिथेच असायचा.

पापण्या मात्र सुधारेनात. उलट सुजल्या. एका सकाळी उजवा डोळा पाण्यानेही सुटेना, गालापर्यंत सूज आलेली. त्या दिवशी त्यांनी खाडा केला आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. छातीच्या डॉक्टरांनी शेजारच्या खोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते बंगाली होते. पापणी उलटी करून बघत त्यांनी विचारलं, घरी काय लावता? यजमानांनी अगदी विश्वासाने सांगितलं, आलू.

“आँख में आलू?” डॉक्टरांनी माझी पापणी सोडली आणि यजमानांकडे पाहिलं.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. पापणीच्या कडेला जंतू बसले आहेत. मोठ्या आजारात अंग थकलेलं असतं, त्यामुळे ते लवकर हटत नाहीत. त्यावर कच्च्या बटाट्याचं पाणी आणि कामावरचा हात नकोच. उकळलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं पिळून शेक द्यायचा, प्रत्येक डोळ्याला वेगळं फडकं, मग कडा हलक्या हाताने पुसून मलम लावायचं. बरेच महिने करावं लागेल, हे स्वतःचं स्वतःला जमण्यासारखं आहे, असंही म्हणाले.

परतताना रिक्षात यजमान पायांकडे बघत होते. घरी पोचल्यावर म्हणाले, “म्याच बिघडवले तुये डोळे.” आणि बटाट्यांची टोपली उचलून शेजारणीला देऊन आले. आमच्या घरात पुढे कितीतरी दिवस बटाट्याची भाजी झाली नाही.

आता संध्याकाळी ते शेगडीवर पाणी उकळायचे, धुतलेली फडकी, मलम, सगळं स्टुलावर ठेवायचे आणि पूर्वीसारखे दोन पावलं मागे. दारात उभे राहून बघायचे. मी शेक घ्यायची. एक तर पाणी फार गरम असायचं, नाहीतर मी रागात बसून राहायची तोवर ते थंड व्हायचं. फडकं हातातून सुटायचं. पापणी आरशात पाहून पुसायला जावं तर डोळ्याला पाणी येऊन आरसाच दिसायचा नाही. शेजारीण दारातून म्हणाली, “हळू कर न बाई, कावून एवढी चिडून राहिली?” तिला काय सांगणार? डोळे कमी सुजलेले होते आणि मला रडू येत होतं. चांगला उपाय मिळाला होता आणि डोळ्यांवरचा त्यांचा हात गेला होता.

एका संध्याकाळी मी फडकं वाटीत आपटलं. पाणी चादरीवर सांडलं.

“मले जमत नाही,” मी म्हटलं. “तुमी करा.”

“माह्या हातानंच तं बिघडले.”

“बिघडले तं बिघडले. मले तुमचाच हात पाह्यजे.”

असं बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी स्वतःच दचकले. ते दारातून वळून मागे गेले. मोरीतून पाण्याचा आवाज यायला लागला, तो थांबेचना. कपड्याच्या साबणाने, ब्रशने, कोपरापर्यंत हात घासले त्यांनी. नखं मुळापर्यंत कापली. तरी कातडीत बसलेले काळे ठिपके निघाले नव्हते, ते मला दाखवून म्हणाले, “हे नाई निघत. हे जळलेले हायेत.”

पहिल्या शेकाला मी ओरडले. पाणी चटका बसण्याइतकं होतं, आणि त्यांना ते कोमट वाटलं होतं. रोज तापलेलं लोखंड हाताळून तळव्यांना गरम काय, हेच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फडक्याच्या तीन घड्या आणल्या. दोन माझ्यासाठी. तिसरी त्याच पाण्यात पिळून त्यांनी आधी स्वतःच्या मिटलेल्या पापणीवर ठेवली, थोडे थांबले, पाण्यात गार पाणी घातलं, पुन्हा ठेवून पाहिली. मग माझ्या डोळ्यांवर शेक आला. त्यानंतर कधी चटका बसला नाही. कारखान्यात उंच पाइपावर चढून जोड देणारा माणूस माझ्या पापणीची कड कापसाने पुसताना श्वास रोखून धरायचा, आणि मी म्हणायची, घ्या आता श्वास, नाहीतर तुमच्यासाठीही रिक्षा बोलवावी लागेल.

महिने गेले. पापण्या कधी बऱ्या व्हायच्या, कधी पुन्हा लाल व्हायच्या. मी खचायची, ते पाणी उकळायचे. दवाखान्यातली इंजेक्शनं संपली, नंतर गोळ्याही संपल्या, छाती साफ झाली, तरी त्यांची सतरंजी मागच्या खोलीतच राहिली. शेवटच्या तपासणीला डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही पापण्या उलटून पाहिल्या. कडा साफ होत्या, केस पुन्हा आले होते. आता शेक बंद केला तरी चालेल, असं त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं. परतताना मी आनंदात असायला हवी होती. रिक्षात मी बडबडत होते खरी, पण मनात एकच विचार होता. आता हा माणूस कोणत्या निमित्ताने जवळ येऊन बसणार?

संध्याकाळी मी खाटेवर बसून होते. मोरीत हात घासल्याचा आवाज आला. मग ते वाटी आणि फडकी घेऊन आले, आणि स्टूल डोक्याकडे सरकवलं. नाकाला गमछा नव्हता.

“डॉक्टर बंद करा म्हणाले,” मी म्हटलं.

“मी बी होतो न तेथं,” ते म्हणाले आणि फडकं पिळायला लागले. “डोळे मीट.”