पत्रकाची कोरी बाजू

मी रोज सकाळी गावातल्या अभ्यासिकेत वर्तमानपत्र वाचायला जातो. काल तिथे निवडणुकीला उभे असलेले एक उमेदवार आले. सोबत दहा-बारा माणसं. चपला बाहेर काढायची पाटी एकानेही वाचली नाही.

"तुम्हीच देशाचं भविष्य," म्हणत त्यांनी पत्रकं वाटली. व्यायामशाळा देणार, क्रिकेटचे सामने भरवणार. पेपर फुटून रखडलेल्या भरतीबद्दल एक अक्षर नाही. भविष्य म्हणे! इथे अभ्यास करणाऱ्या मुलांची वयोमर्यादा उलटून चाललीय आणि हे सामने भरवताहेत.

खिडकीजवळच्या मुलीने पत्रक उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर गणित सोडवायला घेतलं.

"ताई, काही मागणी?" उमेदवारांनी विचारलं.

मान वर न करता ती म्हणाली, "पुढच्या वेळीही मागे काही छापू नका. तेवढीच बाजू कामाला येते."