मागे सरलेलं दुकान

तारीख अकरा, मंगळवार, दुपार. हजर: मी, माझे यजमान, शेजारच्या कॉफीपूडच्या दुकानाचे मालक रंगप्पा, आमच्या दुकानाच्या ओसरीवर फुलं विकणारी लक्ष्मम्मा, आणि इस्पितळातून निरोप घेऊन सायकलवर आलेला, माझ्या दिरांच्या कचेरीतला शिपाई. माझे दीर माधवराव यांना हजर धरायचं की गैरहजर, हे मला अजून ठरवता येत नाही. निरोप आला तेव्हा आम्ही सगळे त्यांनीच आखलेल्या ओसरीवर, त्यांनीच बसवलेल्या खांबांमध्ये उभे होतो. शिपायाने सायकल एका खांबाला टेकवली आणि टोपी काढली. शेवटी रंगप्पांनी विचारलं, "रायरु?" आमच्या माधवरावांना सगळा रस्ता रायरु म्हणत असे. शिपायाने मान खाली घातली. यजमान वळले आणि दुकानाच्या फळ्या लावू लागले. फळ्यांवर नंबर घातलेले असतात. एकाही फळीचा क्रम चुकला नाही. मी आत जाऊन स्टो बंद केला, दूध झाकलं, आणि कुणाकुणाला तार करायची ते लिहून काढलं. मला रडू आलं नाही. आता महिना उलटून गेला, अजूनही आलेलं नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते.

आमचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी बोलतो, पण पुण्याहून कुणी पाहुणे आले की आमच्या बोलण्यातले कानडी शब्द मोजत बसतात. मल्लेश्वरमला देवळाजवळ, सात दुकानांच्या रांगेतलं पहिलं दुकान आमचं: वह्या, दौती, पाट्या, शाळेची पुस्तकं. ते यजमान चालवतात. माधवराव धाकटे, लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. रस्ते आणि इमारती बांधणाऱ्या कचेरीत ते नकाशे काढत. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन दुकानापुढे उभे राहायचे आणि माणसं कुठे थांबतात ते पाहायचे. गिऱ्हाईक समजून कुणी त्यांना शाईचा भाव विचारला की गोंधळून जायचे. आमच्या घरात राहून त्यांना एकाही वहीची किंमत ठाऊक नव्हती.

त्या रांगेत पाहण्यासारखं काय आहे, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, दरवर्षी प्रत्येक दुकान एक पाऊल पुढे येतं. आधी पायरी, मग ताडपत्री, मग पायरीवर डबे. आणि चालणारा माणूस दरवर्षी एक पाऊल रस्त्यात जातो." त्यानंतर मलाही ते दिसू लागलं. गटारावर प्रत्येकाने आपापली दगडी फरशी टाकलेली, प्रत्येकीची उंची वेगळी. देवळातून निघालेली म्हातारी माणसं एवढ्या चढउतारापेक्षा सरळ रस्त्यातूनच चालायची, जटक्यांच्या, म्हणजे टांग्यांच्या, आणि बसच्या मधून. दुकानं रस्त्याकडे बघत होती, पण रस्त्यावरच्या माणसाला उभं राहायला जागा नव्हती. माधवरावांचं म्हणणं असं की रस्ता गिऱ्हाईक आणत नाही. थांबायची जागा गिऱ्हाईक आणते. पुढे मोटारी वाढतील, तेव्हा ज्या दुकानांपुढे माणसाला थांबता येणार नाही ती दुकानं रस्ता गिळून टाकील.

रविवारी ते सायकल घेऊन गावाबाहेर जात, कधी बेळ्ळंदूरच्या तळ्यापर्यंत, कधी सर्जापूरच्या रस्त्याने. तिकडे नाचणीची शेतं आणि पाणी, दुसरं काही नाही. परत आल्यावर मी ताट वाढत असे आणि ते बोलत असत. "तिथे अजून एकही दुकान नाही, वहिनी. म्हणूनच आत्ता आखायला हवं. पहिलं दुकान कुठे उभं राहतं त्यावर पुढचं सगळं ठरतं." मी विचारलं, "पहिलं कशाचं असेल?" "चहाचं. आणि ते रस्त्याला नाक लावून उभं राहील." लगेच म्हणाले, "मग दुसरा त्याच्याही पुढे..." मी म्हटलं, आधी जेवा.

भाषावार राज्यं झाली त्या सुमाराची गोष्ट. एका संध्याकाळी ते आले आणि पायही न धुता म्हणाले, "आज आपलं दुकान माझ्या पट्टीखाली आलं." आमचा रस्ता रुंद करायचं घाटत होतं आणि त्याचा नकाशा त्यांच्याच टेबलावर आला होता. सातही दुकानांचा पुढचा अर्धा भाग जाणार, आणि कडेची मोठाली झाडंही. त्यांनी रेघ जिथून जायला हवी तिथूनच नेली होती, आमच्या गल्ल्याच्या मधून. यजमान म्हणाले, "जरा वाकडी करता आली नाही?" "पट्टी सरळ असते, दादा." त्यांचं तेवढंच उत्तर. पण त्यांनी साहेबांशी बोलणंही केलं होतं. दुकानदार आपणहून मागे सरले, समोर सलग छपराची ओसरी सोडली, तर चालणारी माणसं रस्त्यातून निघून तिच्यात येतील. मग आहे तो रस्ता पुरेल, आणि दुकानं व झाडं दोन्ही वाचतील. साहेब नाही म्हणाले नव्हते. एवढंच म्हणाले होते की एका दुकानाचं दाखवू नका, रांगेचं दाखवा. त्या दिवसापासून सगळं या एका गोष्टीवर येऊन थांबलं.

समजावून सांगण्यात माधवराव अगदी कच्चे. त्यांना वाटलं, दाखवलं की लोकांना कळेल. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून त्यांनी सातही दुकानांच्या पायऱ्यांवरून चुन्याची रेघ ओढली: नवी दुकानं इथून सुरू होतील. लक्ष्मम्मा टोपली घेऊन आली, तिला वाटलं काही सण आहे. तिने रेघेच्या दोन्ही बाजूंना ठिपके काढून ती सजवली. रंगप्पांना वाटलं, कचेरीने दुकानं पाडायची खूण केली. ते हातात कॉफीचं माप घेऊनच आमच्या दारात आले.

"अक्का, तुमच्या घरातला माणूस, आणि आमच्याच पोटावर रेघ?"

माधवराव म्हणाले, "रंगप्पा, रेघ आमच्याही दुकानावर आहे. स्वल्प बघा तरी."

"तुमचं काय जातं, रायरे? तुम्हाला पगार आहे."

"मला नाही," यजमान आतून ओरडले. "आणि मला विचारलंय का, ते आधी विचारा त्याला!"

रंगप्पा हसले, पण पायरीवर पाण्याच्या दोन बादल्या ओतूनच गेले. बाकीचे पाच जण म्हणाले, रंगप्पा सर्वांत जुने. ते सरले तर आम्ही सरू. रंगप्पा म्हणाले, माझ्या बापाने जिथे जातं ठेवलं तिथून ते हलणार नाही. यावर पुढे कित्येक वर्षं कुणी काही वेगळं बोललं नाही.

मी माधवरावांना सांगितलं, जमिनीवर रेघा ओढून कुणाचं पोट भरत नाही, एक पान वाढून दाखवा. म्हणजे आधी आमचंच दुकान मागे घ्या. ते यजमानांना पटायला एक पावसाळा गेला. दोघं भाऊ एका पंक्तीला बसून माझ्यामार्फत बोलत. "त्याला म्हणावं भात घे." "दादांना म्हणावं घेतलाय." मी यजमानांना तीनच गोष्टी विचारल्या: माल कुठे राहील, ऊन कुठे पडेल, झाडलोट कोण करील. माल माळ्यावर, ऊन ओसरीत अडेल, झाडलोट माझी, असं ठरलं. यजमान म्हणाले, "करा तुम्हाला काय करायचं ते. रस्त्यात बसायची वेळ आली तर तुम्ही दोघं बसा."

ओसरी सुंदर झाली. दगडी खांब, मंगळुरी कौलं, बसायला कट्टा. गटाराचं पाणी आत येऊ नये म्हणून माधवरावांनी जमीन चांगली पायरीभर उंच घेतली. आणि पहिल्याच महिन्यात विक्री उतरली. त्यांच्यासारख्या माणसाकडून कशी सुटली कोण जाणे, पण एक गोष्ट सुटली होती. सगळे मागे सरले तर रांग दिसते. एकटाच सरला तर तो दिसेनासा होतो. रंगप्पांच्या ताडपत्रीआड आमचं दुकान पार लपलं. शाळेतली मुलं विचारू लागली, वह्यांचं दुकान कुठे गेलं? यजमान म्हणाले, "ओसरी झकास आहे, माधवा. तिच्यामागे दुकान आहे एवढंच कुणाला कळत नाही." माधवरावांनी खांबावर पाटी लावली, ती मुलांना दिसेना. मग खाली लावली. हळूहळू लोकांना सवय झाली, गिऱ्हाईक परत आलं. लक्ष्मम्मा ओसरीवर आली. बसची वाट पाहणारे आले. आणि सर्वांत जास्त आली ती रंगप्पांची गिऱ्हाइकं. कॉफी दळून होईपर्यंत ती आमच्या कट्ट्यावर बसून राहत. "कॉफी त्याची, सावली आपली," असं यजमान रोज निदान एकदा म्हणत. ओसरीला त्यांनी कधी ओसरी म्हटलं नाही. "माधवाचा खुळेपणा झाडून घ्या," असं मला सांगत.

रस्त्याची फाइल मागे पडली. यंदा ती पुन्हा वर आली, आणि त्याच वेळी माधवरावांच्या छातीत दुखायला लागलं. इस्पितळात मी रोज डबा घेऊन जात होते. शेवटच्या सोमवारी यजमान थर्मासमध्ये कॉफी आणायला खाली गेले तेव्हा माधवराव म्हणाले, "रंगप्पा काय म्हणतो?" मी म्हटलं, जातं हलणार नाही म्हणतो. ते म्हणाले, "तो कधी सरला तर आपली ओसरी फोडून खाली घ्या. मी ती फार उंच केली. बाकीच्यांची दारं खाली आहेत, तेवढी उंची त्यांना घेता येणार नाही, पाणी आत जाईल. देवळातून निघालेल्या माणसाला शेवटच्या दुकानापर्यंत पाय उचलावा लागता कामा नये." मी म्हटलं, "घरी या आणि तुम्हीच घ्या खाली." ते म्हणाले, "सरी." कानडीतलं 'बरं'. हा आमच्यातला शेवटचा शब्द. यजमान थर्मास घेऊन वर आले तेव्हा माधवरावांचा डोळा लागला होता.

तेराव्यापर्यंत आम्ही दुकान उघडलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रंगप्पा आले. चप्पल बाहेर काढून, न बोलावता आत येऊन बसले. म्हणाले, "अक्का, तुमचं दुकान बंद होतं ना, तेव्हा त्या ओसरीवर कुणी बसेना. सुतकाच्या घरी कसं बसायचं, म्हणून लोक माझ्या दारात उभे राहिले, उन्हात, रस्त्यात. एका बाईला जटक्याचा धक्का लागता लागता राहिला. तेव्हा कळलं, इतकी वर्षं माझी माणसं कुठे उभी होती ते." मग म्हणाले, "जातं हलवतो मी. बाकीच्यांशी बोललोय. कचेरीतही जाऊन आलो. साहेब म्हणाले, पावसाआधी रांग दाखवा, तर रेघ बदलू." मी त्यांना कॉफी दिली. त्यांच्याच दुकानाची पूड. ते प्याले आणि गेले.

तेव्हापासून कामं उरकते आहे. माधवरावांचं नाव रेशनकार्डावरून काढलं. सायकल कचेरीतल्या शिपायाला दिली. कपडे वाटले. टेबल, दिवा, पेन्सिली एका चुलत पुतण्याकडे गेल्या. रंगप्पांनी गवंडी ठरवला आहे. सहा दुकानांच्या पुढच्या भिंती उतरवायला त्याने सुरुवात केली, जातं मागच्या खोलीत गेलं, आणि दळण्याचा आवाज आता आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. काल गवंड्याने देवळाच्या बाजूने दोरी लावली. ती आमच्या ओसरीच्या कडेला आपटली, पायरीभर खाली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हे कधी फोडायचं, अम्मा?"

यजमान आत गिऱ्हाइकाला दौत देत होते. त्यांनी ऐकलं. बाहेर आले, गवंड्याला म्हणाले, "याला हात लावायचा नाही. दोरी काढ." आणि कट्ट्यावर बसले. हल्ली ते सकाळी माझ्या आधी उठतात आणि ओसरी स्वतः झाडतात. पाणी मारतात, खांब पुसतात, लक्ष्मम्माची टोपली उचलून बाजूला ठेवतात आणि पुन्हा जागेवर ठेवतात. गेल्या आठवड्यात एका मुलाने खांबावर कोळशाने काही लिहिलं तर त्याला इतके रागावले की मुलगा वही तिथेच टाकून पळाला. मग तीच वही घेऊन त्याचं घर शोधत गेले. दुपारी काही काम नसताना बाहेर येतात, कट्ट्यावर हात ठेवून बसतात. मी आतून बघते.

गवंडी सोमवारी पुन्हा येणार आहे. तोवर रंगप्पांची बाजू तयार होईल, आणि आमच्यापाशी येऊन रांग पायरीभर अडेल. इस्पितळात यजमानांच्या भावाने काय सांगितलं ते मला एकटीला माहीत आहे. बाकी सगळी कामं झाली. यजमानांना हे सांगायचं राहिलं आहे.