स्प्रिंग की कॉइलओव्हर? पप्पांनी ठरवलं!

मंडळी, माझी छत उघडणारी गाडी थोडी खाली बसवायची हे पक्कं होतं. प्रश्न एवढाच होता, नुसत्या आखूड स्प्रिंगा टाकायच्या की उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर?

मित्राच्या गाडीला तशा स्प्रिंगा आहेत. आज सकाळी ती घेऊन पप्पांसोबत पेठ रोडला गेले. पाठीच्या ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच फिरायला निघाले होते. गतिरोधकावर गाडी खालून घासली आणि पप्पा कळवळले.

मी म्हटलं, "जाऊ दे, माझी गाडी आहे तशीच ठेवते."

"अजिबात नाही! खाली कर. फक्त मला न्यायचं असेल तेव्हा वर घे."

दुपारी मी गॅरेजमध्ये कॉइलओव्हरच सांगून आले. उंची बदलायला दर वेळी जॅक लावावा लागेल, लावेन की!

तुमच्या गाडीची उंची घरात कोण ठरवतं?